'कॅप्टन फॅन्टास्टिक': पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर पडणारे प्रश्न

पहिल्या तीन उत्तरांत कथानक फारसं फुटत नाही, फक्त तिसऱ्यातल्या यादीत काही प्रसंग आधीच कळतात. चौथ्यापासून पुढे सगळं उघड आहे, शेवटासकट. चित्रपट अजून पाहिला नसेल तर तिसऱ्या प्रश्नानंतर थांबा.

१. चित्रपट कशाबद्दल आहे?

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे. तिथल्या डोंगरातल्या जंगलात बेन कॅश नावाचा बाप सहा मुलांना वाढवतोय. शाळा नाही, टीव्ही नाही, बाजारू खाणं नाही. सकाळी डोंगर चढायचे, दुपारी भाजी लावायची किंवा शिकार सोलायची, रात्री शेकोटीभोवती जाडजूड पुस्तकं वाचायची. आई लेस्ली आजारपणामुळे बरेच दिवस इस्पितळात आहे. एक दिवस तिच्या मृत्यूची बातमी येते. मग ही सात माणसं 'स्टीव्ह' नावाच्या जुन्या बसमधून तिच्या अंत्यविधीला निघतात.

लेखन-दिग्दर्शन मॅट रॉसचं, बेन झालाय व्हिगो मॉर्टेन्सन. लांबी ११८ मिनिटं. जानेवारी २०१६मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पहिला खेळ झाला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'अं सर्तां रगार' विभागात रॉसला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. मॉर्टेन्सनला २०१७मध्ये ऑस्करचं नामांकन होतं, पुरस्कार मिळाला नाही.

२. सत्यकथा आहे का?

नाही. कॅश कुटुंब काल्पनिक आहे. मॅट रॉसचं लहानपण मात्र काही काळ कॅलिफोर्निया-ओरेगॉनमधल्या अशाच आडवाटेच्या वस्त्यांमध्ये आईबरोबर गेलं, आणि ती ओळख तपशिलांत जाणवते. मॉर्टेन्सनही चित्रीकरणाआधीच मुक्कामाला पोचला होता आणि पडद्यावर दिसणारी बाग लावायला त्याने हातभार लावला होता. झोपडीतली भांडी आणि पुस्तकं वापरातली वाटतात, नाटकाच्या सेटवरची वाटत नाहीत, याचं श्रेय त्या तयारीला.

नावावरून आणखी एक घोळ होतो. एल्टन जॉनचा १९७५चा एक अल्बम 'कॅप्टन फॅन्टास्टिक' याच शब्दांनी सुरू होतो. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

३. मुलांना घेऊन पाहावा का?

पोस्टरवर रंगीबेरंगी कपड्यांतली सहा गोड मुलं आहेत, म्हणून लोक फसतात. अमेरिकेत याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच पाहायचा. नेमकं काय काय येतं ते क्रमाने सांगतो:

- सुरुवातीलाच थोरला मुलगा सुऱ्याने हरिण मारतो आणि त्याच्या पोटातला कच्चा तुकडा खातो. रक्त जवळून दिसतं.
- आईने आत्महत्या केली हे बाप मुलांना आडपडदा न ठेवता सांगतो. ती मुलं ज्या आवाजात रडतात तो आवाज लहान मुलांच्या मनातून लवकर जात नाही.
- सात-आठ वर्षांच्या मुलाला लैंगिक संबंध म्हणजे काय ते सरळ शब्दांत समजावलं जातं. जेवताना मुलांच्या पेल्यात वाइन ओतली जाते.
- प्रवासात एका मुक्कामी बेन विवस्त्र उभा दिसतो. क्षणभरच, पण समोरून.
- पुरलेलं प्रेत उकरून जाळलं जातं.

दहावीच्या पुढच्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही, मात्र मोठ्यांनी आधी एकदा एकट्याने पाहून घ्यावा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना नको. त्यांना हरिणाची भीती दोन दिवसांत जाते. 'आई परत येणार नाही' याबद्दल मात्र ती महिनाभर पुन्हा पुन्हा विचारतात.

४. मुलांची नावं लक्षात राहत नाहीत. कोण कोण आहे?

नावं मुद्दामच तशी आहेत. जगात त्या नावाचं दुसरं कुणी नसावं म्हणून आईबापांनी स्वतः घडवलेली. थोरला बोडेवॅन (जॉर्ज मॅके), मग किलर आणि व्हेस्पर या दोन थोरल्या मुली, मग रागीट रेलियन, आणि शेवटी झाजा व नाय ही धाकटी दोघं. पहिल्यांदा पाहताना बोडेवॅन आणि रेलियन एवढे दोघे पकडून ठेवा. बापाशी भांडण या दोघांचंच आहे. एकाचं गुपचूप, एकाचं उघड.

५. 'नोम चॉम्स्की दिवस' ही काय भानगड?

हे कुटुंब नाताळ पाळत नाही, त्याऐवजी भाषाशास्त्रज्ञ आणि राजकीय टीकाकार नोम चॉम्स्कीचा जन्मदिवस साजरा करतं. खरी तारीख ७ डिसेंबर, साल १९२८. चित्रपटात मुलांचं मन रमावं म्हणून बेन तो मधेच, भलत्याच दिवशी उरकतो. भेटी म्हणून धारदार सुरे आणि धनुष्यबाण निघतात. सगळे हसत असताना रेलियन विचारतो की बाकीच्या जगासारखा नाताळ आपण का करत नाही. बाप म्हणतो, तुझी बाजू मांड, पटली तर बदलू. ऐकायला हे फार लोकशाही वाटतं. पण वादाचे नियम बापाने ठरवलेले, पंच बापच, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराची आई नुकतीच गेलेली. तो गप्प बसतो. आमच्या मते अख्ख्या चित्रपटाची गाठ या दोन मिनिटांत आहे. जंगल हा पुढचा मुद्दा.

६. 'इंटरेस्टिंग' या शब्दावर बंदी का?

बसमध्ये थोरल्या मुलींपैकी एक 'लोलिता' ही अल्पवयीन मुलीच्या मागे लागलेल्या माणसाची कादंबरी वाचत असते. कशी वाटली विचारल्यावर ती म्हणते, इंटरेस्टिंग. लगेच भावंडं ओरडतात, कारण त्या घरात या शब्दाला अर्थ नाही असं ठरलंय. मग ती कथानक सांगते. बाप म्हणतो, हे कथानक झालं. मग ती अडखळत पोचते: गोष्ट त्या माणसाच्या तोंडून येते, म्हणून त्याची कीव येते, आणि तो मुलीवर अत्याचार करतोय म्हणून त्याच वेळी त्याची किळस येते.

शिक्षकांना आणि वाचनकट्टा चालवणाऱ्यांना हा प्रसंग जसाच्या तसा वापरता येतो. मराठीत बंदी घालायचे शब्द वेगळे: 'छान', 'मस्त', 'भारी', 'विचार करायला लावणारं'. पहिल्या फेरीत हे शब्द बाद. दुसऱ्या फेरीत कथानक बाद. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं: कोणत्या पानावर, कुणाबद्दल, माझं मत कसं बदललं. आठ मुलांच्या गटाला पाऊण तास पुरतो. बिघडतं कुठे, तर मोठा माणूस तिसऱ्या फेरीत घाईने स्वतःचं मत सांगून मोकळा होतो. बेन इथे गप्प राहतो, आणि बाप म्हणून तो सर्वांत चांगला दिसतो तो इथेच.

७. सात माणसांचं पोट जंगलावर खरंच भरेल का?

शिकारीवर नाही. हिशेब करून पाहा.

दोन मोठी आणि पाच वाढती माणसं मिळून दिवसाला सरासरी २,२०० कॅलरीप्रमाणे साधारण १५,४०० कॅलरी लागतात. त्या भागातलं काळ्या शेपटीचं हरिण जिवंत ६० किलोचं धरलं तर खाण्याजोगं मांस २४ किलोच्या आसपास. हरणाचं मांस कोरडं, चरबी कमी, किलोला साधारण १,२०० कॅलरी. म्हणजे अख्ख्या हरणातून २८,८०० कॅलरी, पुरे दोन दिवससुद्धा नाहीत. प्रथिनं मात्र त्याच हरणातून पंधरवडाभराची मिळतात. म्हणून नुसत्या शिकारीवर राहणारा माणूस मांस खात खातच खंगतो. चरबी आणि पिठूळ पदार्थ नसतील तर शरीराला एवढी प्रथिनं झेपत नाहीत.

पोट खरं भरतं बागेवर. निम्म्या कॅलरी बटाट्यातून घ्यायच्या म्हटलं तर रोज १० किलो, वर्षाला साडेतीन टनांच्या वर. चौरस मीटरला दोन ते तीन किलो उतारा धरला तर नुसत्या बटाट्याला १२ ते १८ गुंठे हवेत, वर बियाण्याचे बटाटे वेगळे. पडद्यावर दिसणारी बाग एवढी नाही. शिवाय कुंपण कमी उंचीचं असेल तर ज्या हरणांची शिकार करायची तीच बाग फस्त करतात.

साठवण हा दुसरा अडसर. कॅस्केड पर्वतांच्या पश्चिमेला ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस आणि दमटपणा असतो. मांस वाळवायचं तर पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून मंद धुरावर टांगाव्या लागतात. पट्टी जाड राहिली तर वरून कडक होते आणि आत सडते. बोंबील वाळत घालणाऱ्यांना हे सांगायला नको, आपल्याकडे निदान ऊन तरी असतं. बटाट्याला अंधार, गारवा आणि खेळती हवा लागते. ओल लागली की एका नासक्या बटाट्यापायी अख्खी रास जाते.

मीठ, तेल, पीठ, काडेपेटी, सुऱ्याचं पोलाद, डिझेल हे सगळं बाहेरून येणार. म्हणजे पैसा लागतो. या व्यवहाराला चित्रपट बगल देतो.

हरिण मारण्याच्या दृश्याबद्दल: शिकारीला परवाना आणि ठरलेला हंगाम लागतो, कुणीही सुरा घेऊन जंगलात शिरायचं नसतं. आणि ताज्या शिकारीचं कच्चं मांस खाल्ल्याने टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी पोटात जाऊ शकतात. पौरुषाचा विधी म्हणून पाहायला ठीक आहे.

८. अशी घरशाळा कायद्याने चालते का?

वॉशिंग्टन राज्यात चालते, पण कागद लागतात. ८ ते १८ वयाच्या मुलासाठी पालकाने दरवर्षी साधारण १५ सप्टेंबरपर्यंत स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांकडे घरशाळेचं इरादापत्र द्यायचं असतं. शिकवायचे ११ विषय ठरलेले आहेत: वाचन, लेखन, शुद्धलेखन, भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इतिहास, आरोग्य, व्यवसायशिक्षण, आणि कला-संगीताची गोडी. वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी किंवा प्रमाणपत्रधारक शिक्षकाकडून मूल्यमापन. पालकाचीही पात्रता पाहिली जाते: काही कॉलेजशिक्षण, किंवा घरशाळेचा अभ्यासक्रम, किंवा शिक्षकाची देखरेख. बेनची मुलं यातल्या बहुतेक विषयांत सहज पास होतील. आठ वर्षांची झाजा अमेरिकन संविधानातली नागरिकांच्या हक्कांची सनद नुसती पाठ म्हणत नाही, तिचा अर्थ सांगते, आणि शाळेत जाणारे आत्तेभाऊ तोंडाकडे बघत राहतात. टाळ्यांचा प्रसंग आहे, पण थोडा स्वस्त. झाजाच्या बाजूने पत्ते आधीच लावून ठेवलेत.

आजोबा, म्हणजे लेस्लीचे वडील, मुलांचा ताबा मागायची धमकी देतात ती अभ्यासावरून नाही. मुलांच्या अंगावरच्या खुणा आणि जखमा हे त्यांचं बळ आहे. पावसात कडा चढताना रेलियनच्या हाताला दुखापत होते आणि बाप खालून सांगतो की कुणी सोडवायला येणार नाही. न्यायालयात एवढं पुरतं.

९. आणि महाराष्ट्रात?

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १०प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते मोडलं तर पालकाला शिक्षा मात्र कायद्यात नाही. घरशाळा करणारी कुटुंबं या फटीत राहतात. अडचण पहिली काही वर्षं येत नाही, ती दहावीला येते. तेव्हा दोन वाटा:

१७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी-बारावी खासगीरीत्या देता येते. पण शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूल कधी शाळेत गेलंच नसेल तर इथेच गाडी अडते. म्हणून काही पालक चौथी-पाचवीपर्यंत मुलाचं नाव शाळेत ठेवतात.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४. किमान पाच विषय. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. नेहमीची चूक अशी की मूल दहावीला गणित-विज्ञान सोडून देतं आणि दोन वर्षांनी त्याला अभियांत्रिकी आठवते. विषय निवडताना पुढच्या प्रवेशाचे नियम समोर ठेवूनच फॉर्म भरा.

१०. बोडेवॅनला येल-हार्वर्डमध्ये प्रवेश मिळणं पटतं का?

सातही नामवंत विद्यापीठांनी होकार देणं ही सिनेमाची उधळपट्टी आहे. पण घरशाळेतल्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो हे खरं. अभ्यासाची लेखी नोंद, परीक्षेचे गुण, शिफारसपत्रं लागतात आणि पत्रव्यवहाराला पत्ता लागतो. तो सगळा खटाटोप त्याने आईच्या मदतीने बापाच्या पाठीमागे केलाय. म्हणजे आईलाही बाहेरची वाट मुलांसाठी मोकळी हवी होती, हे पाकिटांच्या त्या गठ्ठ्यातून कळतं. उलट तिने आपल्या आईला लिहिलेल्या पत्रात याच जगण्याला प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधून उतरलेला स्वर्ग म्हटलंय. दोन्ही पत्रव्यवहार खरे. ज्यांना लेस्लीची एकच बाजू हवी असते त्यांना चित्रपट विस्कळीत वाटतो.

११. चितेचा प्रसंग खरा वाटतो का?

भावनेने वाटतो, कृतीने नाही, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते लगेच खटकतं.

लेस्लीने मृत्युपत्रात लिहिलेलं असतं: मी बौद्ध आहे, मला जाळा, गाणी म्हणा, नाचा आणि राख शौचालयात ओतून द्या. तिचे आईवडील न्यू मेक्सिकोत ख्रिस्ती पद्धतीने तिला पुरतात. लाल सूट घालून चर्चमध्ये घुसलेल्या बेनला बाहेर काढलं जातं. पुढे मुलं आणि बाप मिळून प्रेत उकरून काढतात, पाण्याकाठी चिता रचतात आणि आईचं आवडतं 'स्वीट चाइल्ड ओ माइन' म्हणतात.

आता तपशील. अमेरिकेतल्या बऱ्याच दफनभूमींत शवपेटीभोवती काँक्रीटची पेटी असते. तिचं झाकण सात माणसांनी, त्यातही दोन चिमुरड्यांनी, यंत्राशिवाय उचलणं अवघड. उघड्या पेटीच्या अंत्यविधीआधी देह टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅल्डिहाइड हे रसायन भरायची तिथे पद्धत आहे, तो वास बंद बसमध्ये सोसत नाही. उघड्या चितेला आपल्याकडे ४०० ते ६०० किलो सुकं लाकूड लागतं. तळाला जाड ओंडके आडवे-उभे, मधे हवेला वाट, वर बारीक लाकूड. लाकूड ओलं असलं किंवा रास दाबून रचली तर धूर होतो आणि देह अर्धवट राहतो. ते जळायला कित्येक तास जातात. एक गाणं पुरत नाही.

आणि राख. चितेतून मऊ भुकटी मिळत नाही. हाडांचे तुकडे राहतात, म्हणून तर आपण तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतो. अमेरिकन दहनगृहात ते तुकडे यंत्रात दळून देतात, तीच त्यांच्या डोळ्यांसमोरची 'राख'. विमानतळाच्या शौचालयात भराभर वाहून जाते ती ही दळलेली राख. चितेवरच्या अस्थी तिथे तुंबतील.

कायद्याने म्हणाल तर उघड्या चितेला अमेरिकेत जवळजवळ कुठेच मुभा नाही. कोलोरॅडोतल्या क्रेस्टोन गावात स्थानिक रहिवाशांसाठी तशी सोय आहे, ती अपवाद म्हणूनच ओळखली जाते.

१२. आईच्या आजाराबद्दल चित्रपट जबाबदारीने बोलतो का?

बऱ्यापैकी. लेस्लीला बायपोलर डिसऑर्डर होता, म्हणजे मन टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य यांत हेलकावणारा आजार. बेन मुलांना मेंदूतल्या रसायनांची भाषा शिकवतो, दोष कुणाच्या माथी मारत नाही. खटकतं ते एकच: मोकळी हवा आणि कष्ट यांनी ती बरी होईल ही त्याची आशा चित्रपट बराच वेळ गोंजारतो. बायपोलरला औषधं आणि डॉक्टरांचा नियमित पाठपुरावा लागतो. जागा बदलून तो जात नाही. घरात कुणी अशा अवस्थेत असेल तर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

१३. सुपरमार्केटमधली चोरी गंमत म्हणून घ्यायची का?

बाप हृदयविकाराचं सोंग करतो, मुलं पिशव्या भरतात, मोहिमेला नावही भारी. गंमत आहे खरी. पण स्वावलंबनाचं तत्त्वज्ञान पहिल्याच मोठ्या गावात दुसऱ्याच्या मालावर आलं, हेही त्याच दृश्यात आहे. हसून झाल्यावर दिसतं.

१४. शेवट खरा की स्वप्न?

आजोबांकडेच राहिलेल्या रेलियनला त्यांच्या घरातून आणताना व्हेस्पर छपरावरून पडते, पाय मोडतो, मान थोडक्यात वाचते. बेन दाढी उतरवतो आणि मुलांना सोडून निघतो. मुलं मात्र बसच्या जमिनीखालच्या कप्प्यात लपलेली निघतात. चिता त्यानंतर पेटते. पुढे बोडेवॅन नामिबियाला जातो आणि उरलेले एका शेतघरात राहतात: कोंबड्या, भाजी, दप्तरं, शाळेच्या बसची वाट. स्टीव्ह बसचं खुराडं झालंय.

काहींना हे बापाचं स्वप्न वाटतं, कारण आजोबा इतक्या सहज माघार घेतील हे पटत नाही. आक्षेप रास्त आहे, कायद्याचा धागा पटकथेने सोडूनच दिलाय. तरी तो स्वप्न नाही, कारण स्वप्नात बाप इतका गप्प नसता. शेवटच्या चौकटीत मुलं अभ्यास करतायत आणि बेन टेबलाशी बसून नुसता ऐकतोय. चित्रपटभर एवढा वेळ तो न बोलता बसलेला नाही. कॅमेरा तिथून हलत नाही, तुम्हीही श्रेयनामावली येईपर्यंत उठू नका.

१५. गटाने दाखवायचा असेल तर?

घरगुती ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरी. हक्कधारकाकडून परवानगी घ्या. इंग्रजी उपशीर्षकं लावा, कारण मुलं भरभर बोलतात. चर्चेला ४० मिनिटं राखून ठेवा आणि सुरुवात 'बाप बरोबर की चूक' या प्रश्नाने करू नका, पाच मिनिटांत दोन तट पडतात. 'रेलियनने नाताळाची बाजू मांडायची असती तर काय म्हणाला असता?' इथून सुरू करा.

१६. याच्या पाठोपाठ काय पाहावं?

डेब्रा ग्रॅनिकचा २०१८चा 'लीव्ह नो ट्रेस'. पोर्टलंडजवळच्या वनात राहणारे बाप-लेक, भाषणं नाहीत, चॉम्स्की नाही. शिवाय तो अमेरिकेत 'पीजी' आहे, म्हणजे तिसऱ्या प्रश्नातली यादी इथे लागत नाही.

हेमलकशाची आठवण अनेक मराठी प्रेक्षक काढतात. जंगल आणि कुटुंब एवढंच साम्य. आमटे कुटुंब माणसांपासून दूर गेलं नव्हतं, ते भामरागडच्या माडिया लोकांमध्ये दवाखाना आणि शाळा चालवायला गेलं, आणि त्यांची मुलं त्याच आश्रमशाळेत माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. बेनच्या मुलांना शेजारीच नव्हते.